कॅल्शियम स्कोअर म्हणजे ब्लॉकेजचे टक्के नव्हेत

हृदयाच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात येतो, त्यावर कॅल्शियम स्कोअर म्हणून एक आकडा असतो, समजा 150, आणि घरातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो की म्हणजे किती टक्के ब्लॉकेज? कुणीतरी म्हणतं 15 टक्के असेल, कुणी म्हणतं शंभराच्या वर गेलाय म्हणजे पूर्णच बंद झाली असणार, आणि या चर्चेत ज्याचा रिपोर्ट आहे त्याचं बीपी मात्र खरोखरच वाढतं. तर आधीच सांगून टाकलेलं बरं, या आकड्याचा ब्लॉकेजच्या टक्क्यांशी थेट संबंध नाही. स्कोअर 150 असलेल्या माणसाच्या धमन्यांतून रक्त अगदी व्यवस्थित वाहत असू शकतं आणि स्कोअर 20 असलेल्याची एखादी धमनी चांगलीच अरुंद झालेली असू शकते. मग ही टेस्ट मोजते तरी काय, ती करायची कुणी आणि कुणी उगाच करू नये, हे जरा निवांत बघूया, कारण हल्ली हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधे ती सर्रास असते आणि रिपोर्ट समजावून सांगायला मात्र कुणाला वेळ नसतो.

सुरुवात धमनीच्या भिंतीपासून करू. धमनीला आतून एक अगदी पातळ अस्तर असतं. बीपी, सिगारेट, शुगर, जास्तीचं एलडीएल (म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते) कोलेस्टेरॉल यांनी वर्षानुवर्षं त्या अस्तराला त्रास झाला की एलडीएलचे कण त्यातून आत शिरून भिंतीतच अडकतात. ते साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात, कोलेस्टेरॉल खाऊन खाऊन फुगतात, आणि शेवटी तिथंच मरून पडतात. असा चरबी, मेलेल्या पेशी आणि सूज यांचा जो साठा भिंतीत तयार होतो त्याला प्लाक म्हणतात. आता या मेलेल्या पेशींच्या ढिगाऱ्यात कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक बारीक कण जमायला लागतात आणि दुसरीकडे धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी चक्क हाडं बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात, म्हणजे तिथं जे तयार होतं ते आपल्या हाडांत आणि दातांत असतं तेच खनिज, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. धमनी कडक झाली असं जे म्हणतात ते यामुळंच, आणि त्यात अतिशयोक्ती काही नाही, ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या बोटांना ती खरंच कडक लागते.

इथं लगेच पुढचा प्रश्न येतो की मग दूध बंद करायचं का, हाडांसाठी चालू असलेली कॅल्शियमची गोळी सोडायची का. जेवणातलं कॅल्शियम उचलून धमनीत नेऊन टाकलं जातंय असं काही तिथं होत नसतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं, तुम्ही दूध प्या नाहीतर नका पिऊ. धमनीत ते जमतं कारण तिथं आजार आहे. गोळ्यांचं म्हणाल तर त्या डॉक्टरांनी कशासाठी दिल्यात त्यावर अवलंबून आहे, आपल्या मनानं चालू करू नयेत आणि आपल्या मनानं बंदही करू नयेत, एवढंच.

आणि हा आजार आजकालच्या लाइफस्टाइलनं आणलाय असं जे सरसकट म्हटलं जातं ना, तेही अर्धंच खरं आहे. 2013 साली लॅन्सेटमधे एक अभ्यास आला होता ज्यात 137 ममींचे सीटी स्कॅन केले होते, इजिप्त, पेरू, उत्तर अमेरिका अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या आणि जवळजवळ चार हजार वर्षांच्या काळातल्या, आणि त्यातल्या 47 जणांच्या, म्हणजे साधारण एक तृतीयांश लोकांच्या धमन्यांत असं कॅल्शियम सापडलं किंवा सापडल्यासारखं दिसलं. यात शिकार करून आणि कंद गोळा करून जगणारे लोकही होते. दुसरीकडे 2017 साली बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या चिमाने लोकांचे स्कॅन झाले, चाळिशीच्या पुढच्या 705 जणांचे, तर त्यातल्या 85 टक्के लोकांचा स्कोअर चक्क शून्य. दिवसभर चालणं, शेती, मासेमारी, आणि एलडीएल फार कमी. म्हणजे वय झालं की धमनीत कॅल्शियम येणारच असा काही निसर्गनियम नाही, पण माणसाच्या शरीराला तो रस्ता फार जुन्या काळापासून माहीत आहे.

आता ब्लॉकेजकडे येऊ, कारण खरा घोळ तिथं आहे. आपल्या डोक्यात चित्र असतं नळाचं, नळात गाळ साचत जातो, धार बारीक होते आणि एक दिवस पाणी बंद. हे चित्र सोपं आहे म्हणून सगळीकडे वापरतात पण धमनी अशी वागत नाही. सेमूर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली दाखवून दिलं की भिंतीत प्लाक वाढायला लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतला रस्ता मोकळाच ठेवते, साधारण 40 टक्के जागा प्लाकनं व्यापेपर्यंत रस्ता अरुंद होतच नाही. म्हणून तर ट्रेडमिलवर धावून केलेली स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली आणि काही महिन्यांत हार्ट अटॅक आला असं घडतं आणि लोक मग टेस्टला आणि डॉक्टरला नावं ठेवतात. स्ट्रेस टेस्ट बघते की मेहनत करताना रक्त कमी पडतंय का, ते कमी पडत नव्हतं, टेस्ट खोटं बोललेली नसते. पण भिंतीत प्लाक होता, एक दिवस त्याचं वरचं पातळ आवरण फाटलं, आतला माल रक्ताच्या संपर्कात आला, त्यावर मिनिटांत गुठळी झाली आणि त्या गुठळीनं रस्ता बंद केला. बरेचसे हार्ट अटॅक असे, आधी फार अरुंद नसलेल्या जागी येतात.

मग प्रश्न उरतो तो असा की या माणसाच्या भिंतींमधे एकूण प्लाक किती आहे, कारण जितका जास्त प्लाक तितकी तो कुठंतरी फाटण्याची शक्यता जास्त. मऊ प्लाक साध्या स्कॅनवर दिसत नाही. कॅल्शियम मात्र लख्ख पांढरं दिसतं. आणि पॅथॉलॉजीच्या अभ्यासांवरून असा अंदाज आहे की कॅल्शियम हा एकूण प्लाकचा साधारण पाचवा हिस्सा असतो, म्हणजे दिसतंय त्याच्या मागे न दिसणारं बरंच आहे. कॅल्शियम स्कोअर मोजायचा तो यासाठी. तो आजाराचा एकूण साठा किती याचा अंदाज देतो, अमुक जागी रस्ता किती बंद आहे हे तो सांगतच नाही.

हा स्कोअर काढायचा कसा हे 1990 साली आर्थर अ‍ॅगॅटस्टन, वॉरन जॅनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ठरवलं आणि आजही जगभर तीच पद्धत चालते, म्हणून रिपोर्टवर अ‍ॅगॅटस्टन स्कोअर असं लिहिलेलं असतं. (हे अ‍ॅगॅटस्टन म्हणजे अमेरिकेतले हार्टचे डॉक्टर, पुढे ते एका डाएटमुळे घराघरात पोचले, स्कोअरमुळे नाही, चालायचंच.) त्या काळातलं साधं सीटी मशीन फार हळू होतं, हृदय धडधडत असल्यामुळे फोटो हलायचा, म्हणून इलेक्ट्रॉन बीम सीटी नावाचं खास मशीन वापरलं ज्यात एक्स-रेची ट्यूब फिरत नाही, इलेक्ट्रॉनचा झोतच चुंबकानं फिरवतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागात फोटो निघतो. आता साधी मल्टिस्लाइस मशीनंच इतकी वेगवान झालीत की त्या खास मशीनची गरज उरली नाही.

गणित समजायला सोपं आहे, एकदा बघाच, म्हणजे या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते आपोआप कळतं. सीटीमधे प्रत्येक बारीक चौकोनाला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट, सीटीचे जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावावरून. पाणी म्हणजे 0, हवा म्हणजे उणे 1000, रक्त आणि स्नायू चाळीस-पन्नासच्या आसपास, आणि हाड काही शे. अ‍ॅगॅटस्टन पद्धतीत करोनरी धमनीच्या, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या जागी 130 किंवा त्याहून जास्त आकडा असलेला आणि निदान 1 चौरस मिलिमीटर मोठा ठिपका दिसला तर तो कॅल्शियम धरायचा. मग त्या ठिपक्यातला सगळ्यात पांढरा बिंदू बघायचा, तो 130 ते 199 असेल तर गुणक 1, 200 ते 299 ला 2, 300 ते 399 ला 3, आणि 400 च्या पुढे 4. ठिपक्याचं क्षेत्रफळ गुणिले हा गुणक, असं प्रत्येक ठिपक्याचं, प्रत्येक स्लाइसमधे (सीटी हृदयाचे जे पातळ काप दाखवतं त्यातल्या प्रत्येक कापात) करायचं आणि सगळं बेरजेत टाकायचं. समजा ठिपका 5 चौरस मिलिमीटरचा आहे आणि त्यातला सगळ्यात पांढरा बिंदू 390 आहे, तर झाले 15. तोच ठिपका दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मशीनवर 405 दिसला तर झाले 20. धमनीत काडीचा फरक पडलेला नाही पण त्या ठिपक्याचा स्कोअर एक तृतीयांशानं वाढला. त्यात स्लाइस साधारण 3 मिलिमीटर जाड, एखादा ठिपका एका स्लाइसमधे पूर्ण मावला की दोन स्लाइसमधे विभागला गेला यावरही आकडा हलतो. म्हणून मागच्या वेळी 112 होता, आता 121 झाला, असं म्हणून हातपाय गाळण्यात काही अर्थ नाही, तो फरक मोजमापाचाही असू शकतो.

स्कॅनमधे घाबरण्यासारखं काही नसतं. सुई नाही, डाय नाही, कपडे बदलून टेबलावर आडवं व्हायचं, छातीला ईसीजीचे तीन-चार स्टिकर लावतात, कारण दोन ठोक्यांच्या मधे हृदय जेव्हा क्षणभर शांत असतं नेमका तेव्हाच फोटो काढायचा असतो. श्वास रोखून धरा अशी सूचना येते, दहा-एक सेकंद तो धरायचा, झालं. आत जाऊन बाहेर येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, त्यातली बरीचशी स्टिकर लावण्यात जातात. त्याआधी चहा-कॉफी आणि सिगारेट नको असं सांगतात कारण ठोके वाढले की फोटो हलतो. रेडिएशन साधारण 1 मिलीसिव्हर्ट, निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी अडीच-तीन मिलीसिव्हर्ट मिळत असतं त्यामुळं एका स्कॅनचं टेन्शन घेऊ नये, पण म्हणून दरवर्षी हौसेनं करत बसावं असंही नाही. गरोदर बाईनं करू नये.

आता रिपोर्ट. त्यात चार ओळी असतात, एलएम, एलएडी, एलसीएक्स, आरसीए, म्हणजे हृदयाच्या मुख्य धमन्या, आणि प्रत्येकीचा वेगळा स्कोअर आणि खाली बेरीज. ढोबळ वाचन असं की शून्य म्हणजे दिसण्याइतकं कॅल्शियम नाही, 1 ते 99 थोडं, 100 ते 400 मध्यम, 400 च्या वर बरंच. पण याच्या जोडीला पर्सेंटाइल, म्हणजे तुमच्याच वयाच्या शंभर बायकांत किंवा पुरुषांत तुमचा नंबर कितवा, हे छापलेलं असतं त्याकडे लोक कानाडोळा करतात आणि तेच कधीकधी जास्त बोलकं असतं. पंचेचाळिशीतल्या बाईचा स्कोअर 30 असेल तर आकडा लहान दिसतो, पण तिच्या वयाच्या बहुतेक बायकांचा शून्यच असतो, म्हणजे तिचा आजार वेळेच्या खूप आधी सुरू झालाय. तोच 30 पंचाहत्तरीच्या आजोबांना आला तर त्यांच्या वयाच्या बहुतेक पुरुषांपेक्षा त्यांच्या धमन्या चांगल्या आहेत.

या आकड्यांना अर्थ आला तो मुख्यतः मेसा नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून. 2000 साली सुरू झाला, 45 ते 84 वयाचे 6,814 लोक, कुणालाही आधी हार्टचा त्रास नव्हता, सगळ्यांचे स्कॅन केले आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. साधारण निम्म्या लोकांचा स्कोअर शून्य होता. 2008 साली जो निकाल छापून आला त्यात शून्यवाल्यांच्या तुलनेत 101 ते 300 स्कोअर असलेल्यांना हार्टचा झटका किंवा तत्सम घटना होण्याचा धोका जवळजवळ 7.7 पट आणि 300 च्या वर असलेल्यांना जवळजवळ 9.7 पट निघाला, तेही वय, कोलेस्टेरॉल, बीपी, सिगारेट सगळं हिशोबात धरून. गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे अशा चार गटांत हेच चित्र दिसलं. पण पट ऐकून धाबं दणाणू देऊ नका, शून्यवाल्यांचा धोका मुळातच इतका कमी असतो की त्याच्या आठ पट म्हणजे उद्याच अटॅक येणार असं होत नाही.

शून्य आला की जीव भांड्यात पडतो आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. त्रास काहीच नसलेल्या मध्यमवयीन माणसाचा स्कोअर शून्य असेल तर पुढच्या काही वर्षांत हार्ट अटॅकची शक्यता खरंच खूप कमी असते, इतका दिलासा देणारी दुसरी टेस्ट या क्षेत्रात क्वचितच असेल. फक्त हा शून्य कुठे लागू होत नाही ते माहीत हवं. पस्तिशीतल्या माणसाचा शून्य फारसं काही सांगत नाही, कारण त्या वयात प्लाक असला तरी मऊ असतो, कॅल्शियम जमायला वर्षं लागतात. सिगारेट ओढणारा, डायबेटिस असलेला, किंवा ज्याच्या वडिलांना, भावाला कमी वयात अटॅक आला आहे, अशांना शून्य आला तरी डॉक्टर स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी थांबवायला सहसा तयार नसतात. आणि ज्याच्या छातीत आत्ता दुखतंय, दम लागतोय, घाम फुटतोय, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ जातेय, त्यानं कॅल्शियम स्कोअरची अपॉइंटमेंट घ्यायची नसते, सरळ इमर्जन्सीत जायचं असतं. मागच्या महिन्यात स्कोअर शून्य आला होता म्हणून हे अ‍ॅसिडिटीचंच असेल असं समजून घरी बसणं हा या टेस्टचा सगळ्यात धोकादायक वापर आहे.

मग करायची कुणी? ज्यांचं ठरत नाहीये त्यांनी. म्हणजे बघा, एकाला आधीच अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, बायपास झाली आहे, त्याला आजार आहे हे माहीतच आहे, स्कोअर कशाला? एलडीएल 190 च्या वर आहे, त्याला गोळी लागणारच, स्कोअर कितीही येवो. दुसऱ्या टोकाला तिशीतला, सिगारेट न ओढणारा, बीपी-शुगर नॉर्मल असलेला तरुण, त्याला काहीच करायचं नाहीये. या दोघांच्या मधे जी मोठी गर्दी आहे, चाळीस ते पंच्याहत्तर वयाची, कोलेस्टेरॉल जरा जास्त, बीपी काठावर, डॉक्टर म्हणतात स्टॅटिन सुरू करू आणि पेशंट म्हणतो आयुष्यभराची गोळी कशाला, ना धड इकडे ना तिकडे, त्यांच्यासाठी ही टेस्ट सोन्यासारखी आहे. अमेरिकेतल्या हार्ट संघटनांनी 2018 साली कोलेस्टेरॉलबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही साधारण हेच होतं, दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येण्याचा धोका 7.5 ते 20 टक्क्यांच्या मधे असेल आणि निर्णय होत नसेल तर स्कोअर बघा, शून्य आला आणि वर सांगितलेल्या अडचणी नसतील तर गोळी थांबवता येईल, 1 ते 99 आला तर गोळीकडे कल ठेवा, विशेषतः पंचावन्नच्या पुढे, आणि 100 च्या वर किंवा पर्सेंटाइल 75 च्या वर असेल तर गोळी सुरू करा. माझं मत विचाराल तर टेस्ट करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा, आकडा काहीही आला तरी मी जे करणार ते तेच असेल का? उत्तर हो असेल तर स्कॅन कशाला?

आता एक गंमत, आणि यावरून भलेभले गोंधळतात. स्टॅटिन सुरू केली, दोन-तीन वर्षं इमानेइतबारे घेतली, एलडीएल खाली आलं, आणि हौसेनं पुन्हा स्कॅन केला तर स्कोअर वाढलेला! मग गोळी फुकट गेली, गोळीनंच कॅल्शियम वाढवलं, असं म्हणून लोक ती बंद करतात. होतं असं की स्टॅटिनमुळे प्लाकमधली चरबी आणि सूज कमी होते आणि उरलेला भाग घट्ट, कडक होतो, म्हणजे मऊ आणि फाटण्याच्या तयारीत असलेला प्लाक कॅल्शियमनं बांधला जातो. असा घट्ट प्लाक फाटण्याची शक्यता कमी. पण अ‍ॅगॅटस्टनचं गणित आठवा, जास्त पांढरं म्हणजे जास्त गुणक, त्यामुळं धोका कमी होत असतानाच स्कोअर वर जातो. 2014 साली मेसाच्याच माहितीतून हे वेगळं करून दाखवलं गेलं, कॅल्शियमनं व्यापलेली जागा जितकी जास्त तितका धोका जास्त, पण तेवढ्याच जागेत कॅल्शियम जितकं घट्ट तितका धोका कमी. म्हणजे सगळं जग वापरत असलेल्या स्कोअरमधे घट्टपणाचे मार्क उलटे दिले गेलेत, तरी एकंदरीत तो काम करतो कारण जागेचा हिशोब भारी पडतो. वर्षानुवर्षं मॅरेथॉन धावणाऱ्या काही लोकांचा स्कोअर अपेक्षेपेक्षा जास्त येतो त्यातही बऱ्याचदा हा घट्ट प्लाकच असतो, म्हणून धावणं सोडू नये. सार काय, एकदा स्टॅटिन सुरू झाली की ती लागू पडतेय का हे बघायला एलडीएल तपासावं, स्कोअर पुन्हा पुन्हा काढू नये. शून्य आलेल्यानं मात्र पाच-सात वर्षांनी पुन्हा बघायला हरकत नाही, डायबेटिस असेल तर त्याआधी.

स्कोअर मोठा आला, 400, 700, हजाराच्या वर, तर काय? पहिली गोष्ट, उठसूट अँजिओग्राफी आणि स्टेंटकडे धावायचं नाही. त्रास काही नसेल तर मोठा स्कोअर म्हणजे औषधं जोरात सुरू करण्याचा सिग्नल, एलडीएल चांगलं खाली आणणं, बीपी, शुगर, सिगारेट बंद. अनेक देशांतल्या पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या एका रजिस्ट्रीच्या माहितीवरून तर 2023 साली असं मांडलं गेलं की 300 च्या वर स्कोअर असलेल्यांचा धोका आधी अटॅक येऊन गेलेल्या लोकांच्या जवळपास असतो, म्हणजे उपचारही तितक्याच गांभीर्यानं हवेत. पण स्टेंट? 2020 साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया नावाच्या अभ्यासात पाच हजारांहून जास्त लोक होते, स्ट्रेस टेस्टमधे रक्त कमी पडतंय हे दिसलेले पण स्थिर असलेले, आणि त्यात आधी औषधं देणं आणि आधीच स्टेंट-बायपास करणं यात मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही, छातीत दुखणं मात्र स्टेंटनं जास्त कमी झालं. (मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले लोक त्यात नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी.)

छातीत दुखत असेल आणि रस्ता खरंच किती अरुंद आहे हे बघायचं असेल तर वेगळी टेस्ट आहे, सीटी करोनरी अँजिओग्राफी, त्यात हाताच्या शिरेतून डाय देतात, ठोके हळू व्हायला गोळी देतात, आणि मग धमनीचा आतला रस्ता आणि मऊ प्लाक दोन्ही दिसतं. स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट अभ्यासात छातीत दुखणारे 4,146 लोक होते, निम्म्यांना नेहमीच्या तपासण्यांबरोबर ही टेस्टही केली, तर पाच वर्षांत हार्टच्या आजारानं मृत्यू किंवा अटॅक 2.3 टक्के, दुसऱ्या गटात 3.9 टक्के. टेस्टनं काही बरं होत नाही, पण प्लाक डोळ्यांनी दिसल्यामुळं योग्य माणसाला औषधं सुरू झाली. गंमत म्हणजे कॅल्शियम फार असेल तर हीच टेस्ट अडखळते, कारण पांढरा ठिपका स्कॅनमधे खऱ्यापेक्षा मोठा दिसतो आणि शेजारचा रस्ता झाकून टाकतो.

सगळ्यांनाच बोलावून स्कॅन केले तर लोक वाचतील का, हेही करून बघितलंय. डेन्मार्कमधे 65 ते 74 वयाच्या 46 हजारांहून जास्त पुरुषांचा डॅनकॅव्हास अभ्यास 2022 साली आला, एका गटाला कॅल्शियम स्कोअर धरून बऱ्याच तपासण्यांसाठी बोलावलं, दुसऱ्याला नाही, आणि पाचेक वर्षांनंतर मृत्यू 12.6 विरुद्ध 13.1 टक्के. फरक इतका लहान की तो योगायोगही असू शकतो. बोलावलेल्यांतले बरेच जण आलेच नव्हते हेही खरं. पण सरसकट सगळ्यांना ही टेस्ट करा असं ठामपणे म्हणता येत नाही ते यामुळं. शिवाय हृदयाचा स्कॅन म्हटलं तरी त्यात फुफ्फुसाचा काही भाग येतोच, तिथं एखादी बारीक गाठ दिसते, बहुतेक वेळा निरुपद्रवी, पण मग सहा महिन्यांनी परत स्कॅन, मधल्या काळात रात्रीची झोप उडालेली.

जमलेलं कॅल्शियम काढून टाकता येतं का, या प्रश्नावर तर आख्खा बाजार उभा आहे. व्हिटॅमिन के2, चिलेशन (शिरेतून औषध देऊन खनिजं बाहेर काढायचा दावा करणारा उपचार), काढे, ज्यूस. स्कोअर विश्वासानं खाली आणून अटॅक टाळणारं असं एकही औषध आज सिद्ध झालेलं नाही, आणि मुळात ते काढायचं तरी कशाला, धोका मऊ प्लाकचा आहे आणि त्यावर औषधं आहेत. कॅल्शियम फोडायची खरी गरज पडते ती स्टेंट घालताना, धमनी इतकी कडक असते की ती रुंद करायला आत घातलेला फुगाच फुगत नाही, तेव्हा हिऱ्याचे कण लावलेल्या बारीक फिरत्या ड्रिलनं ते घासतात, किंवा किडनी स्टोन फोडायला वापरतात तशाच आवाजाच्या लहरी धमनीच्या आतून सोडून त्याला तडे पाडतात.

आणि एक राहिलंच. धमनीतलं कॅल्शियम दिसायला दरवेळी खास स्कॅनच लागतो असं नाही. खोकल्यासाठी, न्यूमोनियासाठी, फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी छातीचा साधा सीटी झालेला असेल तर त्यातही करोनरी धमन्यांतलं कॅल्शियम बऱ्यापैकी दिसतं, आकडा काटेकोर नसेल, पण कॅल्शियम ‘अजिबात नाही’, ‘थोडं’ की ‘बरंच’ एवढं नक्की सांगता येतं. मॅमोग्राममधेही स्तनातल्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियमच्या दोन समांतर रेघा दिसतात, ते भिंतीच्या वेगळ्या थरातलं आणि वेगळ्या प्रकारचं असतं, पण ते दिसलेल्या बायकांमधे हार्टचा धोका जास्त आढळलाय. रिपोर्टमधे हे बहुतेक वेळा अगदी शेवटच्या ओळीत असतं, करोनरी कॅल्सिफिकेशन नोटेड एवढंच, आणि ज्या डॉक्टरांनी तो स्कॅन सांगितला त्यांचं लक्ष फुफ्फुसाकडे असल्यामुळं ती ओळ तशीच राहून जाते. त्यामुळं घरात कुणाचा गेल्या काही वर्षांतला छातीचा सीटी पडून असेल तर कॅल्शियम स्कोअरचे पैसे भरण्याआधी तो रिपोर्ट आणि सीडी काढा, शेवटची ओळ वाचा आणि हार्टच्या डॉक्टरांना दाखवा, कदाचित उत्तर त्यातच असेल आणि नवा स्कॅन करायचीच गरज पडणार नाही.